बारावी ओळ, जागा चार

विद्यार्थी साहाय्य कक्षात येणाऱ्या मुलांचे दोनच प्रकार असतात, असं मावशीचं ठाम मत होतं. एक, ज्यांना खरोखर काही झालेलं असतं आणि जी म्हणतात, काही नाही हो. आणि दुसरी, ज्यांना काडीचंही झालेलं नसतं पण दारातूनच गळा काढत आत येतात. त्या खिडकीशेजारच्या टेबलामागे तिची एकवीस वर्षं गेली होती. पोरगं दारात उभं राहिलं की ते कुठल्या प्रकारातलं हे आपण नुसत्या चपलांच्या आवाजावरून सांगू शकतो, असा तिचा दावा होता. दावा करायला काय, जीभच उचलायची असते.

सगळं कॅम्पस तिला मावशी म्हणायचं. वसतिगृह बदलून हवं असो, आजारपणाची रजा असो, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली असो, नाहीतर ओळखपत्र तिसऱ्यांदा हरवलेलं असो, पहिला थांबा मावशी. तिच्याकडून फॉर्म, पाण्याचा पेला आणि दोन शब्द घेतल्याशिवाय शेजारच्या खोलीतल्या समुपदेशक बाईंकडे कुणी पोचायचं नाही. एवढ्या मोठ्या कॅम्पसात तिची सख्खी भाची मात्र एकच होती, आणि ती तिला मॅडम म्हणायची.

हा नियम मावशीचाच. भाचीला प्रवेश मिळाला त्या दिवशीच तिने बजावलं होतं, "हे बघ, इथे मी तुझी कुणी नाही. उद्या लोकांनी म्हणायला नको, वशिल्याने आली आणि मावशीच्या जिवावर उड्या मारते. काही लागलं तर चार मुलांसारखं रांगेत उभं राहायचं, फॉर्म भरायचा, रीतसर यायचं." भाची नाकासमोर चालणारी. तिने मान डोलावली आणि पाच महिन्यांत नियम मोडला नाही. फक्त एकदा, महिन्याभरापूर्वी, ती रांगेत उभी राहिली होती. मावशीने वर न बघता फॉर्म पुढे सरकवला, "काय अडचण आहे ते लिहा, मग बोलू," असं तिला चक्क अहोजाहो केलं आणि आपण किती बेमालूम वागलो म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. भाचीने फॉर्म थोडा वेळ हातात धरला, मग कोराच परत रॅकमध्ये ठेवला आणि निघून गेली. मिटलं असेल काहीतरी, असं मावशीला वाटलं.

भाचीवर तिचा जीव नव्हता असं नाही. उलट होता म्हणूनच हे सोंग. आई लवकर गेली तेव्हा मावशीला वाढवलं ते ताईने, म्हणजे भाचीच्या आईने. स्वतःची शाळा अर्ध्यावर सोडून ताईने धाकट्या बहिणीचे डबे भरले होते. त्या ताईने एकुलती एक पोर हवाली करताना एवढंच म्हटलं होतं, "ती बोलत नाही गं फारसं. तू लक्ष ठेव." आणि मावशीने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, डोळ्यांत तेल घालून ठेवीन.

ते तेल म्हणजे चॅपेलचा तक्ता.

विद्यापीठ ख्रिस्ती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी आठला चॅपेलमध्ये उपासना, आणि वसतिगृहातल्या चारशेच्या चारशे जणांनी तिला यायचंच. प्रत्येकाची जागा ठरलेली. एका बाकावर आठ जण, आणि बाकाच्या पाठीला जिथे माणूस टेकतो तिथे पितळी आकडा ठोकलेला. फार वर्षांपूर्वी, मावशी नोकरीला लागायच्याही आधी, एक विद्यार्थी आपल्या खोलीत पाच दिवस आजारी पडून होता आणि कुणाला पत्ता नव्हता. तो वाचला नाही. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी ही रीत घालून दिली: जागा ठरवा, आणि रिकामी दिसली की शोधायला जा. सलग तीनदा जागा रिकामी राहिली की त्या मुलाच्या नावाने कार्ड निघायचं. कार्डावर कोपऱ्यात बायबलच्या गोष्टीतल्या हरवलेल्या मेंढराचं चित्र छापलेलं असायचं, त्यामुळे पोरं त्याला मेंढरूच म्हणायची. "तुला मेंढरू आलं का रे?" असं कॅन्टीनमध्ये ऐकू यायचं. ज्याला मेंढरू आलं त्याने त्याच दिवशी कक्षात येऊन सही करायची. नाही आला, तर मावशीने स्वतः उठून त्याच्या खोलीचं दार ठोठावायचं.

रीत चांगली होती. पण वर्षं गेली तसं तिच्यावर शेवाळ चढलं. तिसऱ्या मेंढराला घरी पत्र जाऊ लागलं, पोरं कार्डाला भिऊ लागली, आणि शोधायला जायची रीत पकडायची रीत होऊन बसली. मावशीला यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिला तक्ता वेळेवर मिळत होता.

तक्ता आणायचे गरुडकाका. निवृत्त ग्रंथपाल, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून नजर अशी की आपल्याला मुंगीचे गुडघे दिसतात म्हणायचे. ऑर्गनच्या शेजारच्या उंच सज्जात ते बसायचे, आणि पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात केली, चारशे माना खाली गेल्या, डोळे मिटले, की यांची मोजणी सुरू. जिथे पाठ टेकलेली नाही तिथला पितळी आकडा लखकन दिसायचा. तेवढे आकडे तक्त्यावर खुणावायचे आणि 'आमेन'च्या आत काम फत्ते. नऊ वाजता ते तक्ता मावशीच्या टेबलावर ठेवून चहाला थांबायचे.

तक्ता हातात आला की मावशी आधी एकच चौकोन बघायची. बारावी ओळ, जागा चार. खूण नाही. मग निवांतपणे चहाचा पहिला घोट. रविवारी ताईचा फोन आला की ती ठासून सांगायची, "अगं ठणठणीत आहे. एक उपासना चुकवलेली नाही. कागद माझ्या हातात असतो." ताई म्हणायची, "मेसेज करते, बरी आहे म्हणते, पण आवाज ऐकवत नाही." त्यावर मावशीचं उत्तर तयार, "या वयात आईशी कोण बोलतं? तू बोलायचीस?" ताईला आईच नव्हती त्या वयात, हे फोन ठेवल्यावर मावशीच्या लक्षात यायचं आणि ती जीभ चावायची.

त्या शुक्रवारीही तक्त्यावर चार नंबर स्वच्छ होता. खूण होती ती आठ नंबरवर. पुन्हा.

आठ नंबर म्हणजे बाराव्या ओळीतली भिंतीकडची शेवटची जागा, आणि तिथली मुलगी म्हणजे लवंगी. अंगाने काडी, तोंडाने मिरची, म्हणून हे नाव. गेल्या तीन आठवड्यांत तिला दोन मेंढरं आली होती. दोन्ही वेळा येऊन तिने टेबलावर सही ठोकली होती आणि म्हणाली होती, "मी होते, मावशी. पण जाऊ दे." दोन्ही वेळा मावशीने हसून सांगितलं होतं, "मीही या वयात असंच म्हणायचे बरं का. काल दूध पिऊन मोठी नाही झाले मी." आज तिसरं कार्ड निघालं. प्रिंटरमधून ते बाहेर येतंय तोवर चपलांचा फटफट आवाज करत लवंगी आत शिरली. हा आवाज दुसऱ्या प्रकारातला, असं मावशीने ठरवून टाकलं.

"आज काही ऐकून घेणार नाही मी," लवंगी म्हणाली. "घरी पत्र गेलं तर बाबा मला उचलून नेतील. मी आज चॅपेलमध्ये होते."

"आठ नंबर रिकामा होता," गरुडकाका बशीतून मान वर न करता म्हणाले. "शंभर टक्के. मी डोळ्यांनी बघितलाय आकडा."

"काका, प्रार्थनेत फोन कुणाचा वाजला?"

काकांची बशी थांबली. फोन वाजला होता. लग्नाच्या वरातीतलं गाणं, ऐन शांततेत, बारा-पंधरा सेकंद. पाळकसाहेबांना प्रार्थना थांबवावी लागली होती.

"तो माझा," लवंगी म्हणाली. "पाळकसाहेबांनी स्वतः खाली येऊन घेतला माझ्या हातातून. आत्ता त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. विचारा जाऊन. मी नव्हतेच, तर फोन काय चालत आला होता?"

मावशीने काकांकडे बघितलं, काकांनी मावशीकडे. काका कधी खोटं बोलत नाहीत हे मावशीला ठाऊक होतं, आणि पोरीकडे तर खुद्द पाळकसाहेबांचा पुरावा होता.

"फोन कुणाचा ते मी बघितलं नाही," काका सावकाश म्हणाले. "मी माणसं बघतच नाही. रिकामी जागा बघायची, हे माझं काम."

मावशीने एक कोरा कागद ओढला आणि त्यावर आठ चौकोन काढले. हे तिने चिडून केलं होतं. पोरीला खोटं पाडायचं एवढंच तिच्या मनात होतं. "बरं. तू होतीस. आठवर नव्हतीस. मग कुठे होतीस?"

लवंगीचा आवेश एकदम उतरला. ती नखं बघू लागली. "सातवर."

"सातवर सातवाली असते."

"ती सहावर होती."

"आणि सहावाली?"

"पाचवर."

मावशीची पेन्सिल एकेका चौकोनावरून मागे सरकत होती. "आणि पाचवाली कुठे होती?" हा प्रश्न तिने विचारला खरा, पण उत्तराची वाट बघितली नाही. पेन्सिल चौथ्या चौकोनावर येऊन थांबली होती आणि तिथे कोण बसतं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"सगळ्याच ओळी करतात, मावशी," लवंगी भराभर बोलू लागली. "कुणी उठलं नाही तर आम्ही सरकतो. मग शेवटच्याची जागा रिकामी दिसते. एखादी खूण शेवटच्याने आपल्या नावावर घ्यायची, दुसऱ्या दिवशी तो परत येतो, तीन सलग कुणाचेच होत नाहीत. एकमेकांसाठी एवढं करायचं नाही तर काय? पण ही परत आलीच नाही. दोनदा मी तिच्यासाठी ऐकून घेतलं. आता मला जमणार नाही."

"किती दिवस?"

"नऊ उपासना झाल्या."

नऊ उपासना म्हणजे तीन आठवडे. दोन रविवार. 'कागद माझ्या हातात असतो.' मावशीला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि त्या आवाजाची तिला शिसारी आली.

"ती चार नंबरवाली तशी शांतच असते," लवंगी सांगत होती. समोर बसलेली बाई तिची कोण लागते हे तिला कुठून माहीत असणार. "कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिची पार्टनर सत्र सुरू झाल्यावर महिन्याभरात सोडून गेली, तेव्हापासून एकटीच असते खोलीत. घरी गेली असेल बहुतेक."

"गेली असेल, की गेली?"

"पाच नंबरला माहीत असेल. तिचं जमायचं तिच्याशी."

मावशीने टेबलावरचा फोन उचलला. पाच नंबरवाली ग्रंथालयात होती. ती कुजबुजत म्हणाली की चार नंबरवालीला सर्दी-ताप झालाय असं तीन नंबरवाली म्हणत होती. तीन नंबरवाली वर्गाबाहेर येऊन म्हणाली, ताप? नाही, तिची आजी आजारी म्हणून ती घरी गेलीय, असं पाच नंबरनेच सांगितलं ना? भाचीच्या वडिलांकडच्या आजीलाही जाऊन बारा वर्षं झाली होती. तिच्या तेराव्याला मावशी स्वतः गेली होती.

"तू शेवटची कधी बघितलीस तिला?" मावशीने लवंगीला विचारलं. तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

"आठ दिवस झाले. नाही, गेल्या गुरुवारी. पाण्याच्या कूलरपाशी. बाटली भरत होती." लवंगी आठवू लागली. "तिने विचारलं, माझ्या नावाचं कार्ड आलं का गं? मला वाटलं घाबरलीय. म्हणून मी म्हटलं, निश्चिंत झोप, तुझं मेंढरू येतच नाही. तुझी जागा आम्ही पहिल्या दिवसापासून भरून टाकलीय."

"मग?"

"मग काही नाही. हसली. म्हणाली, बरं झालं कळलं."

मग गरुडकाकांनी कपबशी खाली ठेवली, ती नीट ठेवता आली नाही आणि चहा तक्त्यावर सांडला. मावशीने पुसला नाही. ती उठली तेव्हा तिच्या एकवीस वर्षांच्या खुर्चीची चाकं मागे जाऊन भिंतीवर आपटली. शेजारच्या खोलीत डोकावून ती समुपदेशक बाईंना एवढंच म्हणाली, "दवाखान्याची गाडी मुलींच्या वसतिगृहाकडे लावायला सांगा. मग तुम्ही या." आणि सुटली.

वसतिगृह तीन मिनिटांवर होतं. हिरवळीवरून तिरकं गेलं तर दोन. हिरवळीवरून जायचं नाही, ही पाटी मावशीनेच रंगवून घेतली होती. ती तिच्याजवळून धावत गेली. लवंगी मागून धावत होती आणि विचारत होती, "मावशी, काय झालं? ती कोण आहे?" मावशीला दम लागला होता. ती एवढंच म्हणाली, "माझी आहे."

रेक्टरबाई नोंदवहीवर वाकलेल्या होत्या. त्यांनी मेसच्या यंत्रावर नंबर टाकून बघितला. भाचीने कार्ड दाखवून शेवटचं जेवण घेतलं होतं गेल्या गुरुवारी दुपारी. त्यानंतर एकही नाही.

"यांचं काही सांगू नका हो," रेक्टरबाई किल्ल्यांचा जुडगा शोधत म्हणाल्या. "बाहेरून मागवून खातात. दिवसदिवस झोपतात. मी प्रत्येकीच्या उशाशी बसणार का?" त्या वाईट नव्हत्या. त्यांच्याकडेही चॅपेलच्या तक्त्याची एक प्रत यायची, आणि तिच्यावर चार नंबर नऊच्या नऊ वेळा हजर होता. मावशीने जे केलं तेच त्यांनी केलं होतं, म्हणून मावशीला त्यांच्यावर ओरडता आलं नाही.

तिसरा मजला. लांब, स्वच्छ, फिनेलचा वास येणारा बोळ. दोन्ही बाजूंना दारं, दारांवर रंगीत कागदांचे फुलोरे, वेळापत्रकं, कुणाचे फोटो. शेवटच्या दारावर काही नव्हतं. दाराखालच्या फटीत तीन सूचनापत्रकं खोचलेली, एकावर एक, कुणी आत न ओढलेली. उंबऱ्याशी स्टीलचा एक डबा. पाच नंबरने कधीतरी ठेवला असावा. लवंगीने तो उचलून झाकण उघडलं आणि लगेच तोंड फिरवून पुन्हा लावलं.

मावशीने दार ठोठावलं. सवयीने तिच्या तोंडून तेच वाक्य आलं जे शेकडो दारांवर आलं होतं, "विद्यार्थी साहाय्य कक्षाकडून आलेय." उत्तर नाही. रेक्टरबाईंनी किल्ली घातली. ती अर्ध्यात अडली. आतून कडी होती.

"सुताराला बोलावते," असं म्हणून रेक्टरबाई जिन्याकडे वळल्या. आता त्याही धावत होत्या.

मावशी गुडघ्यांवर बसली, मग सरळ फरशीवर आडवी झाली. पन्नाशीची बाई, इस्त्रीची साडी, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, गाल फरशीला टेकलेला. सूचनापत्रकं बाजूला ओढून तिने फटीतून आत बघितलं. पडदे ओढलेले असावेत. आत मळकट उजेड होता. एक उलटी पडलेली चप्पल दिसली. रिकाम्या बाटल्या, ओळीने, भिंतीला लावून ठेवलेल्या. पलंगाचे पाय. आणि पलंगाच्या कडेवरून खाली लोंबणारा एक हात.

हात हलत नव्हता.

"बाळा," मावशी फटीतून म्हणाली. "ए बाळा. मी आलेय. मॅडम नाही गं, मावशी. बघ, मावशी आलीय." तिला वाटलं होतं आपण मोठ्याने बोलतोय, पण आवाज निघतच नव्हता. ती पुन्हा म्हणाली. तिने भाचीला लहानपणच्या सगळ्या नावांनी हाका मारल्या. ती देवाची करुणा भाकत होती की पोरीची, हे तिचं तिलाच कळेना. लवंगी तिच्यामागे भिंतीला टेकून रडत होती. "आम्ही चांगलंच करत होतो," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मावशीला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि थोबाडीतही मारावीशी वाटली. तिने दोन्ही केलं नाही. तिची नजर त्या हातावर होती.

किती वेळ गेला कोण जाणे. करंगळी हलली. मग बोटं मिटली आणि परत उघडली.

"हलली!" मावशी ओरडली. "जिवंत आहे! अहो, तो सुतार कुठे मेला?"

सुतार धावत आला. त्याने पटाशी चौकटीत घातली, चार ठोके घातले, खांदा लावला आणि कडीसकट लाकडाचा एक लांब कपचा निघाला. आतली हवा बाहेर आली, जड, आंबूस. मावशी सगळ्यांच्या आधी आत शिरली.

भाची कुशीवर पडली होती. ओठांना चिरा गेलेल्या, डोळे खोल, केसांचा गुंता उशीला चिकटलेला. अंगावरची चादर मात्र नीट, चारही कोपरे सारखे. मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ते इतकं हलकं लागलं की तिने दुसरा हातही त्याखाली घातला. लवंगीने कूलरवरून भरून आणलेल्या बाटलीच्या बुचातून तिने थोडं थोडं पाणी पाजलं. तिसऱ्या बुचाला भाचीने डोळे उघडले.

"मॅडम," ती म्हणाली.

"मावशी म्हण गं. मावशी म्हण."

भाचीने तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. "कार्ड आलं नाही ना माझं?" तिला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "मला वाटलं, तीनदा गेले नाही की तू येशील. तुला यावंच लागेल. कुणी काही म्हणणार नाही. मी रोज ऐकत होते, कोण जिना चढतंय ते."

"काय झालं तुला, बाळा? कुणी काही बोललं? कुणी त्रास दिला?"

"नाही. काहीच झालं नाही. म्हणून सांगता येईना." ती थांबली. "मग ती म्हणाली, माझी जागा भरलीय. मी तोवर पाच वेळा नव्हते, आणि ती जागा एकदाही रिकामी दिसली नव्हती. मग मला वाटलं, बरोबरच आहे. मी असले काय नि नसले काय, ओळ तेवढीच."

हे ती रडून बोलली असती तर मावशीने तिचे डोळे पुसले असते. पण ती अगदी शांतपणे, बेरीज बरोबर आल्यासारखं बोलली. मावशीला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, दाराबाहेरही नाही.

"ओळ तेवढी नव्हती," ती म्हणाली. "खोटं होतं ते. त्या पोरी तुला वाचवायला सरकल्या, आणि मी कागद बघितला, तुला नाही बघितलं. चूक माझी आहे. ऐकतेयस ना? माझी."

भाचीने मान हलवली. पण ते पटल्याची ती मान नव्हती. मोठ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून मुलं हलवतात तशी होती.

समुपदेशक बाई आल्या, मागोमाग गाडीतला डॉक्टर. नाडी बघितली, सुई टोचली, सलाईनची बाटली पडद्याच्या दांडीला टांगली. धोका टळलाय का, असं मावशीने विचारलं. डॉक्टर म्हणाला, अंगातलं पाणी भरून काढता येईल, दोन दिवस लागतील. बाकीचं मी सांगू शकत नाही. समुपदेशक बाईंनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या की काही दिवस हिला एक क्षणही एकटीला सोडायचं नाही. मावशीने टेबलावरच्या गोष्टी बघितल्या. वह्या थप्पी लावून बांधलेल्या. कपडे घडी करून पिशवीत. पिशवीवर घरचा पत्ता, सुवाच्य अक्षरात. ही आवराआवर कशासाठी केली होती हे मावशीने विचारलं नाही, कारण ते तिला कळलं होतं.

तिने तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून, ताईला फोन लावला. भाची म्हणाली, "आईला नको ना सांगूस." मावशी म्हणाली, "सांगणार."

"अगं, आज शुक्रवार," ताई पलीकडून म्हणाली. "आज कसा काय फोन?"

"ताई, दोन रविवार मी तुला सांगत होते की ती रोज हजर असते. ती नव्हती. मी तिला बघितलेलंच नव्हतं, ताई. मी नुसता कागद बघत होते." मग तिने सगळं सांगितलं, दार, बाटल्या, सलाईन, पिशवी. काही लपवलं नाही. ताई ओरडेल, शिव्या देईल, असं तिला वाटत होतं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

ताई ओरडली नाही. कपाट उघडल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, मग ताईचा श्वास.

"आत्ता बघतेयस का तिला?" तिने विचारलं.

"हो. समोर आहे."

"डोळे उघडे आहेत?"

"उघडे आहेत."

"मग मी येईपर्यंत तिच्यावरची नजर काढू नकोस," ताई म्हणाली. "तुझ्या शब्दावर आता मी विसंबून बसू शकत नाही. मी निघाले."

फोन बंद झाला. भाची छताकडे बघत होती. मावशी तिच्याकडे बघत बसली. ताईला पोचायला सात तास लागणार होते.